बाजेचा आडोसा

आमच्या सायकलवाल्यांच्या टोळक्यात एक पद्धत आहे. वारा समोरून असला की एकामागोमाग एक रांग लावायची, पुढच्याच्या चाकाला आपलं चाक जवळजवळ टेकवून. पुढच्याने वारा खायचा, मागच्यांनी त्याच्या आडोशाला बसायचं. पुढचा दमला की त्याने बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचं आणि त्याच्या मागच्याने पुढे राहायचं. याला आम्ही नंबर म्हणतो. रांगेच्या मधून दादा थोड्या थोड्या वेळाने ओरडतात, "दम हाय का?" पुढच्याने एकतर "हाय" म्हणायचं, नाहीतर मुकाट बाजूला व्हायचं.

दादा म्हणजे आमचे म्होरके. निफाडकडच्या द्राक्षवाल्या घरातले. नाशकात फवारणीच्या पंपांचं दुकान टाकून त्यांना जमाना झाला, पण त्यांचं हाय-नाय काही सुटलं नाही. आम्ही बाकीचे कॉलेज रोडवर वाढलेले, व्याकरण सांभाळून बोलणारे, पण त्या एका प्रश्नाला आम्हीही 'हाय' असंच उत्तर देतो. 'आहे' म्हटलं की दम निम्मा झाल्यासारखा वाटतो.

हे सगळं आधीच सांगितलं, कारण मधलं एक वर्ष मला हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्या वर्षात मी काय काय उद्योग केले, त्याची ही हकिगत आहे.

मी साठीला टेकलेली बाई. अंबडच्या एका कारखान्यात तयार झालेल्या मालाची मापं तपासण्यात माझी नोकरी गेली. केसभर फरक दिसला की माल परत पाठवायचा, समोरचा कितीही गोड बोलला तरी. ती सवय नोकरीबरोबर सुटली नाही, त्यामुळे माझं तोंड तिखट आहे असं घरात आणि बाहेर एकमत आहे. नोकरी संपल्यावर मी सायकल धरली आणि या टोळक्यात घुसले. रविवारी पहाटे निघायचं, कधी गिरणाऱ्याकडे, कधी दिंडोरीच्या बागांमधून, आणि उन्हं चढायच्या आत मिसळ खाऊन घरी यायचं. इतकं साधं सुख मला आधी कुणी दाखवलं नव्हतं.

मग माझ्या कानात बिघाड झाला. तोल सांभाळणारं जे काही कानाच्या आत असतं, ते रुसलं. एका सकाळी गंगापूर रोडवर मी सरळ रस्त्यावर, कुणीही धक्का न देता, मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या एका बाईच्या पुढ्यात जाऊन पडले. तिने मला उठवलं, पाणी पाजलं आणि जुड्या परत रचायला लावल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मानेचे व्यायाम दिले आणि सांगितलं की चक्कर कमी होईल, पण दोन चाकांवर आता बसू नका. घरात यजमान म्हणाले, आता आराम कर. नातेवाईक म्हणाले, आता आराम करा. शेजारीण फिरायला चला म्हणाली. आराम या शब्दाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी तिच्याबरोबर बागेत आठवडाभर फिरले आणि प्रत्येक फेरीला मनातल्या मनात कुणाला तरी शिव्या घातल्या.

दोन चाकांवर बसू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. तीन चाकांबद्दल ते काही बोलले नव्हते. फोनवर परदेशातले लोक जमिनीपासून वीतभर उंचीवर पाठ टेकून, पाय पुढे सोडून, तीन चाकी सायकली चालवताना मी पाहिले होते. विकत घ्यायची ती गोष्ट नव्हती, म्हणून बनवायची ठरवली. पुढची दोन चाकं भंगारातल्या लहान मुलांच्या सायकलींची, मागचं माझ्या स्वतःच्या सायकलीचं. सांगाडा चौकोनी पाइपचा. वेल्डिंग ओळखीच्या गॅरेजात करून घेतलं, पण प्रत्येक जोड मी मापून दिला आणि मापून घेतला. पायडल इतकं पुढे आणि मागचं चाक इतकं मागे, की चेन पुरेना. तीन चेन जोडून एक केली. बसायची जागा कशाची करावी यावर बरंच डोकं खाजवलं आणि शेवटी माळ्यावरच्या जुन्या खाटेची नवार काढून ताणून विणली. पाठीला अशी बसली की आत्मा थंड झाला.

सगळं माप बरोबर आलं आणि एक गोष्ट उलटी झाली. बैठकीच्या दोन्ही बाजूंना हाताशी दोन दांडे होते, त्यांनी पुढची चाकं वळवायची. उजवा दांडा पुढे ढकलला की गाडी डावीकडे वळायला हवी. माझी उजवीकडे वळली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिल्याच फेरीला मी सेक्रेटरींच्या स्कूटरला टाळायला गेले आणि नेमकी तिच्यावरच गेले. चाकांना जोडणाऱ्या दांडीचे कान मी चाक वळवणाऱ्या खांबाच्या मागे घ्यायच्या ऐवजी पुढे घेतले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल परत पाठवणाऱ्या बाईची ही चूक. दुरुस्त करायला पुन्हा सगळं कापावं लागणार होतं. मला घाई होती, म्हणून मी गाडी न बदलता स्वतःला बदललं. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये उलट्या हातांनी आठ काढायचे. दिवाळीपर्यंत हात असे बसले की सरळ स्टिअरिंग असतं कसं, तेच विसरायला झालं.

मी ती घेऊन पहिल्यांदा रविवारच्या कट्ट्यावर गेले, तेव्हा कुणी काही बोलायच्या आधी दादा तिच्याभोवती एक फेरी मारून आले. नवार बोटाने दाबून पाहिली. मग म्हणाले, "ताई, बाज आणली, पण गोधडी कुठंय?" झालं, त्या दिवसापासून तिचं नाव बाज पडलं. आमच्यात एक दातांची डॉक्टर आहे, वयाने माझ्या मुलीएवढी. ती म्हणाली, काकू, तुम्ही फक्त आ करा, मी इथेच दात तपासते. कुणी उशी देऊ केली, कुणी अंगाई म्हणून दाखवली. मीही काही कमी नव्हते. त्यांच्या त्या सुपारीएवढ्या सीटवर बसून घरी गेल्यावर कुणाकुणाला उभ्याने जेवावं लागतं, ते मी सगळ्यांसमोर विचारलं. खरं सांगते, वर्षभरात इतकी हसले नव्हते.

टोळक्यातले निवृत्त प्रोफेसर मात्र हसले नाहीत. ते पदार्थविज्ञान शिकवायचे आणि कुठलीही वस्तू दुसऱ्याने आधी बनवलेली त्यांना खपत नाही. त्यांनी माझ्या गाडीतल्या चुका सांगितल्या आणि फिरवून बघतो म्हणाले. स्टिअरिंग उलटं आहे असं मी सांगितलं होतं, पण त्यांना वाटलं मी चेष्टा करते. ते समोरच्या खड्ड्याला चुकवायला गेले आणि बाजेसकट शेजारच्या बागेच्या चरात जाऊन विसावले. चरात आडवे असतानाच त्यांनी जाहीर केलं की दोन चाकं पुढे हा मूळ विचारच चुकीचा आहे, दोन चाकं मागे हवीत, रिक्षासारखी. आणि खरोखर दोन महिन्यांत त्यांनी तशी बनवून आणली. पहिल्याच वळणाला ती दोन चाकं जमिनीवर ठेवून तिसरं हवेत घेऊन गेली. प्रोफेसर म्हणाले की वळणाचा वेग जास्त होता. मी म्हणाले की सर, रिक्षावाल्यालाही पॅसेंजर लागतो, तुम्ही मागे एक पोतं ठेवा. तेव्हापासून दर रविवारी चहाच्या टपरीवर आमचं दोघांचं भांडण ठरलेलं, दोन चाकं पुढे की मागे. बाकीचे कधी त्यांच्या बाजूने, कधी माझ्या, ज्याची भजी जास्त त्याच्या बाजूने.

थट्टेने मला कधी काही झालं नाही. लागलं ते वेगळंच. हिवाळा संपून वारे सुरू झाले आणि एका रविवारी परत येताना समोरून वारा लागला. रांग लागली. मी पुढे गेले, आपला नंबर घ्यायला, पूर्वीसारखी. दादांनी मागून आवाज दिला. "ताई, तुम्ही नका. तुमच्या मागं बसलं काय अन् नाय बसलं काय, सारखंच." ते रागाने म्हणाले नव्हते आणि खोटंही बोलत नव्हते. मी जमिनीला चिकटून चालवत होते, वारा माझ्या डोक्यावरून जाऊन थेट त्यांच्या छातीवर आदळत होता. माझ्या मागे आडोसा म्हणून नव्हताच. प्रोफेसरांनी तर सूत्रच सांगितलं, की वारा अडवायचा तर अडथळा मोठा हवा, आणि तुम्ही अडथळाच नाही, मॅडम. दादांनी मोठ्या मनाने सुचवलं, की आम्हाला वेळ लागणार, तुम्हाला वारा लागत नाही, तुम्ही पुढे निघा.

मी निघाले. बाज काय पळाली त्या दिवशी. मागे वळून पाहिलं तर रांग रस्त्यावर मुंगीएवढी झालेली. मी सगळ्यांच्या कितीतरी आधी नाशकात पोहोचले, टपरीवर एकटीने चहा घेतला आणि कुणीच येईना म्हणून घरी गेले. यजमान म्हणाले, आज पहिली आलीस वाटतं. मी हो म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी आपटली. पहिलं येऊन काय करायचं होतं मला? मला रांगेत नंबर हवा होता. ज्यांच्या आडोशाला मी इतक्या वेळा बसले, त्यांना माझा आडोसा होईना, तर मी त्यांच्यातली कशी? दया म्हणून बरोबर घेतलेली बाई मला व्हायचं नव्हतं, आणि सगळ्यांच्या पुढे एकटी पळणारी तर मुळीच नाही.

पुढे दर वेळी तेच. वारा आला की बाज शेपटाला किंवा पार पुढे, नंबराच्या बाहेर.

मे महिन्यात दादांनी निफाडला त्यांच्या भावाच्या मळ्यावर नाश्त्याला बोलावलं. जाताना वारा पाठीशी, त्यामुळे सगळे खुशीत, थट्टामस्करी करत पोहोचले. मळ्यावर हंगाम संपलेला. खरड छाटणी होऊन वेलींना नवी फूट आलेली, आणि शेडमध्ये द्राक्षांचे रिकामे प्लास्टिकचे क्रेट आढ्यापर्यंत रचून ठेवलेले. दादांच्या वहिनींनी भाकरी, ठेचा आणि दही असा बेत केला होता. खाऊन हात धुतो न धुतो तोच बाहेर वारा उठला. पश्चिमेचा, मे महिन्यातला, परतीच्या रस्त्यावर सरळ तोंडावर येणारा. शेडचे पत्रे वाजायला लागले. डॉक्टरीण म्हणाली की मी आईला बोलावते गाडी घेऊन. दादा सायकलीला टेकून उभे होते. त्यांना आदल्या आठवड्यात ताप येऊन गेला होता आणि येतानाच त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला होता. प्रोफेसर आपल्या रिक्षाच्या चाकात हवा भरता भरता म्हणाले, "आपण दोघं निघू या, मॅडम. यांना आपला काही उपयोग नाही. अडथळा नाही ना आपल्याकडे."

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे रचलेल्या क्रेटांकडे पाहिलं. उठले, एक क्रेट उचलला आणि बाजेच्या कॅरिअरवर ठेवला. त्यावर दुसरा. त्यावर तिसरा आणि चौथा. बैठकीच्या पाठीला आणि सांगाड्याला सुतळीने आवळून बांधले. माझ्या मागे पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली. दादा म्हणाले, "ताई, हे काय करताय?" मी म्हणाले, माझा नंबर घेतेय. प्रोफेसर उठून जवळ आले, जाळीतून बोट आरपार घातलं आणि म्हणाले की कल्पना बरी आहे, पण क्रेटला भोकं आहेत, वारा आतून जाणार. त्यांचं बरोबर होतं. याच गोष्टीचा मला त्यांच्याबद्दल राग येतो.

तोवर वहिनी घरात जाऊन आल्या. त्यांच्या हातात गुंडाळलेला मोठा फ्लेक्स होता. गेल्या निवडणुकीच्या आधी गावात लागलेला, 'भावी सरपंच' यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. गृहस्थ पडले, फ्लेक्स उरला आणि वहिनींनी तो कांद्यावर झाकायला ठेवला होता. "घ्या हा," त्या म्हणाल्या. "लय दणकट हाय. कांदे वल्ले झाले नाय कधी." क्रेटांना तो चारी बाजूंनी गुंडाळून करकचून बांधला, तेव्हा भावी सरपंचांचा गॉगल लावलेला हसरा चेहरा नेमका मागच्या बाजूला आला, हात जोडलेले. आता रांगेतल्या सगळ्यांना नाशिकपर्यंत त्यांचं दर्शन घेत यायचं होतं. डॉक्टरीण हसून हसून खाली बसली आणि मग म्हणाली, काकू, आईला नको बोलवायला.

मळ्याच्या बाहेर डांबरी रस्त्याला लागले आणि वाऱ्याने मला मागे खेचलं. इतक्या दिवसांत ज्या बाजेला वारा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तिला तो एकदम कळला. मी गिअर उतरवत उतरवत सगळ्यात हलक्यावर आणला. वेग इतका कमी झाला की दोन चाकांवर कुणी असतं तर डुगडुगून पडलं असतं. पण तीन चाकांना पडायचं माहीत नसतं. मी पाठ नवारीला रेटून पाय फिरवत राहिले, संथ, एका लयीत. बाजूने जाणाऱ्या ट्रॅक्टरवरचे मजूर माना वळवून वळवून पाहत होते. एकाने भावी सरपंचांचा जयजयकारही केला.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. त्या भिंतीमुळे मला मागचं काही दिसत नव्हतं. दांड्यावरच्या आरशात फक्त फ्लेक्सची फडफडणारी कड. मागे कोण आहे, किती जवळ आहे, आहे तरी का, काही कळायला मार्ग नव्हता. कानात वारा घुमत होता. चांदोरीच्या अलीकडे बाजूने एक जोरदार झोत आला, भिंत कलली, मी सवयीने उलटा दांडा ढकलून सावरली. त्यानंतर बराच वेळ मागून कुणाचाही आवाज नाही. हसणं नाही, घंटी नाही. वाटलं, सुटले सगळे मागे. पुन्हा मी एकटीच पुढे चालले आहे, या वेळी डोक्यावर एका पडलेल्या उमेदवाराला घेऊन. थांबून उतरून पाहावं म्हणून मी ब्रेकला हात लावला.

आणि तेवढ्यात अगदी जवळून, फ्लेक्सच्या पलीकडून, दादांचा आवाज आला.

"ताई, दम हाय का?"

वर्ष झालं होतं हा प्रश्न ऐकून. मी इतक्या मोठ्याने "हाय" म्हणाले, की शेजारच्या उसातून बगळे उडाले. मागे हशा पिकला. सगळे होते. सगळे आडोशात दाटीवाटीने बसले होते, आणि आडोसा इतका दाट होता की कुणाला जोर करावा लागत नव्हता. आवाज येत नव्हता तो भिंतीमुळे. प्रोफेसर आपली रिक्षा घेऊन सगळ्यांत पुढच्या जागेवर, फ्लेक्सला नाक लावून, असं मला नंतर कळलं.

थोड्या वेळाने तेच पुढे आले. माझ्या शेजारी गाडी आणून म्हणाले की तुमचा नंबर झाला, आता मी घेतो, द्या इकडे बाज. मी म्हणाले, घ्या की सर, फक्त खड्डा चुकवायचा असेल तर त्याच्यावर घाला. त्यांना तो चर आठवला असावा. त्यांनी गाडी मागे घेतली. क्रेट एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर हलवायला कुणी थांबायला तयार नव्हतं, आणि उलट्या हाताची गाडी माझ्याशिवाय कुणाला चालवता येत नव्हती. माझी ती चूक इतकी उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. सगळा रस्ता माझाच नंबर होता. दादा विचारत राहिले, मी सांगत राहिले. पाय भरून आले होते, गुडघ्यात कळ येत होती, आणि मी इतकी आनंदात होते की ते कुणाला सांगायलाही सवड नव्हती.

नाशिक जवळ आलं, रस्त्यात गॅरेजं आणि लग्नांची लॉन्स दिसायला लागली. नांदूर नाक्याच्या आधी रस्ता किंचित चढतो आणि वारा शेवटचा जोर करतो. तिथे माझ्या लक्षात आलं, की बऱ्याच वेळात दादांनी विचारलेलं नाही. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी उलटून विचारला नव्हता. विचारायचा असतो हेच कुणाला सुचलं नव्हतं.

मी मान न वळवता, पुढे बघतच ओरडले, "दादा, तुम्हाला दम हाय का?"

फ्लेक्सच्या मागून दमलेला, पण हसरा आवाज आला.

"नाय, ताई. म्हणून तर तुमच्या मागं बसलोय."

मी गिअर एकाने वाढवला.